पांढरी दोन

"पोरगी वाजवणार कुठल्या पट्टीत?" बाबालालचाचांनी विचारलं.

मी तेव्हा स्टुलावर उभा राहून पियानोवरचं मेण खरवडत होतो. नाताळ होऊन दोन महिने झाले होते; पण मेणबत्त्यांचं मेण कुणी काढायचं, हे चर्चच्या समितीनं अजून ठरवलं नव्हतं.

"चाचा, पियानोला एक पट्टी नसते. सगळ्याच असतात."

"सगळ्या म्हंजे एकबी नाही." चाचांनी मान हलवली. "मास्तर, चाळीस वर्षं झाली. मोठमोठे गवई माझ्या दारात चप्पल काढतात. तंबोरा असू दे, पेटी असू दे, मी आधी विचारतो, पट्टी कुठली? ज्याची पट्टी ठरली नाही, त्याचं वाद्य मी हातात घेत नाही."

मला घाई होती. कार्यक्रमपत्रिका छापखान्यातून आणायच्या होत्या, आणि छापखानेवाला दीडला जेवायला गेला की चारपर्यंत जेवत असे. रविवारी व्हायोलिन वाजवणाऱ्या एस्तेरची पहिली रचना 'डी' सुरातली होती. डी म्हणजे पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी.

"पांढरी दोन," मी म्हणालो.

"हां. मग आधीच सांगायचं की." चाचांनी बाह्या सरसावल्या.

मी गणिताचा शिक्षक. इतकं चुकीचं उत्तर इतक्या आत्मविश्वासानं मी त्यानंतर फक्त एकदाच दिलं, तेही शाळा तपासणीच्या दिवशी.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. मिरजेच्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कुठल्याशा मिशनरी बाईंनी मागे ठेवून दिलेला एक पियानो होता; रविवारची उपासनाही तिथंच होई. दर वर्षी मुंबईहून एक म्हातारे गृहस्थ येऊन तो लावून जात. त्या वर्षी ते आले नाहीत, त्यांच्या मुलाचं पत्र आलं. वडिलांना ऐकू येत नसल्यामुळे ते निवृत्त झाले आहेत, असं त्यात होतं. किती वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, ते लिहिलं नव्हतं.

आता मिरजेत वाद्य लावायला माणूस शोधणं म्हणजे समुद्रावर पाणी शोधण्यासारखं. गल्लीच्या गल्ली तंबोऱ्यांची. त्यातही कानाचा पक्का कोण, असं विचारलं की सगळे एकाच घराकडे बोट दाखवत : बाबालाल शिकलगार. त्यांनी जन्मात पियानो लावला नव्हता. "तारा हायत ना त्याला? मग लागंल," एवढंच ते म्हणाले. पियानोच्या स्टुलाखालच्या खणात जुनी किल्ली होती, ती घेऊन आणि स्वतःचा एक तंबोरा बगलेत मारून ते शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये बसले.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता, आणि तो पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. त्याचं कारण खंबाटाबाईंचा गुडघा.

एस्तेर रणभिसे सोळा वर्षांची होती. वडील मिशन हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवत, आई तिथंच वॉर्डात सिस्टर. तिथल्या एका कॅनडियन डॉक्टरांच्या बायकोनं पोरीला सातव्या वर्षापासून व्हायोलिन शिकवलं, आणि तीन वर्षांपूर्वी मायदेशी जाताना व्हायोलिन आणि स्वरलिपीच्या कागदांनी भरलेली एक पिशवी तिला देऊन टाकली. तेव्हापासून एस्तेर एकटीच वाजवायची. क्वार्टर्सच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. खालून जाणारे पेशंटांचे नातेवाईक वर बघत आणि कुणाचं लग्न आहे म्हणून विचारत.

खंबाटाबाई मुंबईच्या पारशी. निम्म्या मुंबईच्या हातात त्यांनी व्हायोलिन दिलं होतं, असं म्हणत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या मिरजेत आल्या आणि सिस्टर रणभिसेंच्या वॉर्डात दाखल झाल्या. सिस्टरांनी बारा दिवस त्यांना उठवलं, बसवलं, चालवलं, आणि तेराव्या दिवशी मुलीचा विषय काढला. बाई म्हणाल्या, "संडेला नाइटच्या गाडीनं मी जाते. त्याच्या आधी ऐकीन. पण पियानोसंगती. एकटा वाजवला की सगळेच ग्रेट असतात." पसंत पडली, तर स्वतःच्या घरी ठेवून शिकवणार होत्या. नाही पडली, तर नर्सिंगचा अर्ज भरून तयार होता. एस्तेरनं फक्त सही करायची होती.

पियानोवर साथीला मी. मी मोठा वादक वगैरे नव्हतो. रविवारी चर्चमध्ये गीतांना वाजवायचो एवढंच. माझ्याकडे म्हणावी अशी एकच विद्या होती, आणि ती पाद्री आढावसाहेबांच्या घशानं मला शिकवली होती. साहेबांचा घसा दर रविवारी वेगळ्या ठिकाणी बसलेला असायचा. वेदीजवळ उभे राहून ते पाठीमागे हात धरत आणि बोटं दाखवत. एक बोट म्हणजे अर्धा सूर खाली, दोन म्हणजे एक, तीन म्हणजे दीड. पुस्तकात काहीही छापलेलं असो, मी बोटं बघून गीत तितकं खाली उतरवून वाजवायचो. अकरा वर्षं. संगीतात याला काहीतरी भारदस्त नाव आहे. आमच्याकडे याला 'साहेबांना सांभाळून घेणं' म्हणत. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट आहे असं मला वाटत नसे.

आमची तालीम माझ्या घरच्या पायपेटीवर झाली. तीन रचना. पहिली ऐटीतली, दुसरी संथ, तिसरी पळती. पहिली डीमधली, दुसरी आणि तिसरी वेगवेगळ्या सुरांतल्या. दुसरीवर एस्तेरची सगळी भिस्त होती. ती वाजवायला लागली, की माझी बायको फोडणी करायची थांबायची.

रविवारी साडेतीन वाजले तरी चाचा पियानोत डोकं घालून होते. तीन दिवसांत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. शेवटी किल्ली खाली ठेवली आणि तंबोऱ्याच्या तारा छेडून मला म्हणाले, "घ्या, तुमची पांढरी दोन."

मी डीचे तीन सूर एकत्र दाबले.

कसं सांगू? भांडखोर घरात सगळे अचानक गप्प होऊन जेवायला बसावेत, तसा तो पियानो झाला होता. सूर हलत नव्हता. नुसता उभा होता.

एस्तेरनं व्हायोलिनच्या तारा एकेक करून पियानोशी ताडून बघितल्या. मग पुन्हा बघितल्या. "सर, माझ्या चारही तारा याच्यात आहेत. अशाच्या अशा!"

"असणारच की," चाचा म्हणाले. "परवा तुझं फिडल बघूनच लावलंय. ही पेटी पाहुणी आणि घर तुझ्या फिडलचं, एवढं तर मला कळतंय."

मी आणखी काही वाजवायला हात पुढे केला, तर चाचांनी पट्ट्यांवर आपला टॉवेल टाकला. "आता नाही. तारा आत्ताच बसल्यात. दम खाऊ द्या त्यांना."

चाचांच्या तोंडावर असं समाधान होतं, की मला त्यांचं मन मोडवेना. त्या टॉवेलखाली काय होतं, हे कळायला मला आणखी दोन तास लागले.

पाच वाजता हॉल भरला. नर्सेस, वॉर्डबॉय, दोन डॉक्टर, आणि तिसऱ्या रांगेत चाचा, त्यांचे दोन भाऊ, मेहुणा आणि गल्लीतले चार कारागीर, सगळे कडक इस्त्रीत. गल्लीत बातमी गेली होती : बाबालालनं साहेबाचं वाद्य लावलं. गाणं ऐकायला जायचं म्हणून त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. ते बघून आमच्या लोकांना लाज वाटली आणि त्यांनीही काढल्या. त्यामुळे खंबाटाबाई काठी टेकत आल्या, तेव्हा दारात दीडशे चपलांचा ढीग होता. "काय पाणी भरला आत?" त्यांनी विचारलं.

आढावसाहेबांनी प्रार्थना केली. तीत एस्तेर, खंबाटाबाईंचा गुडघा, हॉस्पिटलचं नवीन एक्स-रे मशीन आणि हॉलचं गळकं छप्पर या सर्वांवर कृपादृष्टी मागितली. मग हार झाले. मग आम्ही बसलो.

पहिली रचना. काय बोलू! मी अकरा वर्षं त्या पियानोवर हात आपटत होतो आणि तो पियानो मला त्या दिवशी भेटला. एस्तेरचा सूर निघायचा आणि पियानोच्या आत जाऊन बसायचा. दोघांच्या मध्ये सुई शिरली नसती. तिसऱ्या रांगेतून "वा!" आली. पाश्चात्त्य संगीतात मध्येच वा म्हणायची पद्धत नाही. आमच्या नर्सेसनी वळून बघितलं. मेहुण्यानं त्यांच्याकडे बघून आणखी एक वा दिली. खंबाटाबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली आणि पियानोकडे बघितलं. माझ्याकडे नाही, पियानोकडे.

टाळ्या झाल्या. एस्तेरनं कपाळ पुसलं. दुसरी रचना.

तिची सुरुवात एकट्या पियानोची होती. चार ओळींची संथ वाट, आणि मग व्हायोलिन. ती रचना पांढरी चारची. मी हात नेले आणि पहिला मेळ, तीन सूर एकत्र, दाबला.

एसटी स्टँडवर दोन गाड्यांनी एकाच वेळी हॉर्न द्यावा आणि दोन्ही ड्रायव्हरांनी माघार घेऊ नये, तसा आवाज आला.

मला वाटलं, बोट चुकलं. दुसरा मेळ दाबला. तो पहिल्यापेक्षा वाईट.

आणि मग गणिताच्या मास्तराला गणित सुटलं. पियानो लावणारा माणूस प्रत्येक सूर किंचित खोटा लावतो. थोडा इथं, थोडा तिथं. म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवा, सगळीकडे सारखंच, चालवून घेण्याइतपत खोटं. सरकारी कारभारासारखं. बाबालालचाचांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी एका पट्टीत सगळं खरं लावलं होतं. त्यामुळे बाकीच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. आणि ती एक पट्टी कुठली, हे त्यांना स्टुलावर उभं राहून मीच सांगितलं होतं.

मी हात उचलले.

एस्तेर पियानोजवळ वाकली. "सर, काय झालं?"

"पियानो," मी कुजबुजलो. "फक्त डीमध्ये लागलाय. बाकी सगळा बेसूर. थांब, मी लोकांना सांगतो."

"काय सांगताय?"

"हेच. की पियानो चुकीचा लावलाय. नाहीतर त्या बाईंना वाटेल, आपल्यालाच वाजवता येत नाही."

खरं सांगायचं तर 'आपल्याला' हा शब्द मी शिष्टाचार म्हणून वापरला. मला माझी काळजी होती.

एस्तेरनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. चाचा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. भाऊ, मेहुणा, सगळी गल्ली.

"नाही सांगायचं," ती म्हणाली.

"अगं, बाई आज रात्री जातायत! तुझी एकच—"

"चाचा तीन दिवस बसलेत, सर. सगळ्यांना घेऊन आलेत." मग एकदम तिनं पियानोच्या आडून, फक्त मला दिसेल असा, हात धरला. तीन बोटं. "आढावसाहेबांना घेता तसं घ्या."

"दीड सूर खाली? हे? आत्ता?"

"डीमध्येच येतं ना? मोजा."

मी मोजलं. येत होतं.

"आणि तुझं काय? तुझी बोटं, तुझ्या जागा, सगळं बदलणार."

"माझं मी बघते."

ती लोकांकडे वळली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माफ करा. माझी चूक झाली. मी परत सुरू करते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी "घाबरली पोर" म्हणालं. सिस्टर रणभिसेंनी पदर तोंडाला लावला. खंबाटाबाईंनी हातातली पत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली, आणि मला वाटलं, संपलं.

मी त्यानंतर काय वाजवलं ते मला आठवत नाही. पुढ्यात कागद होता, पण तो दुसऱ्याच गावाचा नकाशा होता. मी बोटं बघितली, अकरा वर्षांच्या रविवारांची. मुठीत मावतील तेवढे सूर उचलले, उरलेले सोडून दिले. सुरुवातीच्या चार ओळी उतरल्या आणि एस्तेरनं व्हायोलिनवर गज टेकवला.

तिच्या हातून दोन ठिकाणी सूर हुकला. एका ठिकाणी चाल इतकी खाली आली, की व्हायोलिनला तिथं तारच नव्हती. तिनं ती ओळ अलगद उचलून वरच्या सप्तकात ठेवली, जणू ती तिथंच राहायची. आणि त्या खालच्या पट्टीत ती रचना काळवंडली, जड झाली, गच्चीवर होती त्यापेक्षा वयानं मोठी झाली. चाचांनी खरे लावलेले सूर तिच्याखाली जमिनीसारखे होते. तिसऱ्या रांगेतून या वेळी वा आली नाही. चाचांचे डोळे मिटलेले होते.

तिसरी रचनाही तशीच डीत ओढून पळवली. ती कशी झाली याबद्दल मतभेद आहेत. माझी बायको म्हणते, चांगली झाली.

टाळ्या संपल्यावर खंबाटाबाई काठी टेकत पुढे आल्या. मागोमाग गर्दी, गर्दीत चाचा.

"डिकरी, इथे ये," बाई म्हणाल्या. "दुसरा पीस असा खाली लिवलेला नाय. हे कोणी शिकवला?"

"कुणी नाही, बाई. मीच खाली आणला."

"का?"

एस्तेर व्हायोलिनच्या तारा पुसायला लागली.

"पियानोला काय झाला होता?"

"काही नाही," एस्तेर म्हणाली. "पियानो बरोबर होता."

मी घसा खाकरला. तेवढंच केलं. बाई मला बाजूला सारून स्टुलावर बसल्या, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि डीचा मेळ दाबला. तो विरेपर्यंत ऐकला. मग हात सरकवून पांढरी चारचा दाबला. हॉलभर ते दोन हॉर्न वाजले. पुढच्या नर्सेसनी कान झाकले. बाईंनी तोही शेवटपर्यंत ऐकला, आणि एस्तेरकडे बघितलं.

"कोणी लावला?"

गर्दी बाजूला झाली. चाचा पुढे आले. "मी लावला."

"कुठल्या पट्टीत?"

"पांढरी दोन."

"ती पट्टी तुमाला कोणी सांगितली?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, पण बोलले नाहीत. सोळा वर्षांची पोर खोटं बोलून उभी होती, सत्तरीचा म्हातारा गप्प राहून उभा होता. दोघांच्या मध्ये मीच एक शिकलेला माणूस होतो.

"मी," मी म्हणालो. "चूक माझी आहे, बाई. एस्तेरची नाही. यांची तर नाहीच नाही."

"चूक?" बाई चाचांकडे वळल्या. "मिस्त्री, पन्नास वरस मी फिडल वाजवते. दर वेळी पियानोसंगती थोडा भांडण. तो आपला खोटा सोडत नाय, मी आपला खरा सोडत नाय. आज पयला पीस ऐकला, आणि भांडण नाय! मला वाटला, ऑपरेशनमधी कान पण बदलला."

चाचांनी हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

मग त्या एस्तेरला म्हणाल्या, "आणि तू. खोटा बोलायला तुला अजिबात जमत नाय. जूनमधी ये. गरम कपडा नको, म्युझिकचा कागद जास्ती आण."

सिस्टर रणभिसे तिथंच खाली बसल्या. अँब्युलन्स-ड्रायव्हर रणभिसे, आयुष्यभर सायरन वाजवून लोकांना बाजूला करणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गर्दी पांगल्यावर चाचा टॉवेल घ्यायला पियानोपाशी आले.

"चाचा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला कळू नये म्हणून ती—"

"कळू नये?" चाचा हसले. "मास्तर, तुम्ही पयला सूर दाबला तवाच कळलं. कान काय घरी ठेवून आलतो का मी?" त्यांनी टॉवेलची घडी घातली. "मी उठणारच होतो. म्हणणार होतो, चूक आमची, पोरीची नाही. भावानं हात धरला, तरी उठत होतो. तेवढ्यात तिनं गज उचलला. वाजवणाऱ्याला मध्ये अडवायचं नसतं, म्हणून बसलो."

दारात चपला शोधता शोधता ते थांबले.

"माझ्यासाठी आजवर कुणा गवयानं अर्धा सूर सोडला नाही. ही पोरगी दीड सूर खाली आली." आणि चप्पल पायात घालून बाहेर गेले.

एस्तेर जूनमध्ये गेली. पुढचं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. नसेल, तर तुमचा तोटा. मुंबईहून पियानो लावणारा मिळायला दोन वर्षं लागली. तोवर आमच्या चर्चनं देवाचं गुणगान एकाच पट्टीत केलं. आढावसाहेब मागे हात धरून बोटं दाखवत राहिले आणि मी बघत नाही असं दाखवत राहिलो. त्यांचा घसा कायमचा सुधारला.

शिकलगारांच्या दुकानावरची पाटी त्याच महिन्यात रंगवली गेली. चाचा गेले, दुकान पुतण्याकडे आलं, पण ती पाटी अजून आहे. एस्तेर गावी आली, की आधी तिच्यासमोर उभी राहते आणि मग चर्चमध्ये येते. वर तंबोरा, सतार, पेटी असं सगळं आहे. त्याखाली लाल अक्षरांत, ज्या गावात पियानो एकच आहे त्या गावासाठी, लिहिलंय :

'पियानो लावून मिळेल. पट्टी आधी सांगावी.'